गच्ची धुण्याचा साबण आणि धनश्रीचं घर

मी, सत्यशीला गहिनीनाथ खेतमाळीस, वय वर्षे सदुसष्ट, धंदा गच्च्या, पत्र्याची छपरे व घराच्या भिंती धुऊन देणे, राहणार सावेडी, अहिल्यानगर, मूळ गाव मिरजगाव, तालुका कर्जत, आज माझ्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणी भरीस पाडलेले नाही. भरीस पाडायला एक गृहस्थ आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवले आहे. त्यांचे नाव पुढे येईलच.

माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आहे. आयुष्य लोकांच्या गच्च्यांवर गेलेल्या बाईला जिना चढू नका म्हणायचं, म्हणजे काय करायचं तिनं, ते मात्र डॉक्टर सांगत नाहीत. बाकी डोकं शाबूत आहे. कोणाला शंका असेल त्याने समोर यावं आणि मला साबणाचा भाव चढवून सांगून पाहावा.

वकील पंकजाताईंचं म्हणणं होतं की मिळकतीपुरतं लिहा, बाकीचं कशाला. मी म्हटलं, ताई, मिळकत कशी झाली ते लिहिल्याशिवाय ती कोणाला का दिली ते कसं कळणार? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि लिहा म्हणाल्या. म्हणून लिहिते आहे.

कलम एक. माझी माणसे आणि या कागदाचे कारण.

माझे पती गहिनीनाथ रंगारी होते. ते २०१७ साली वारले. आमचा एकुलता मुलगा मच्छिंद्र २०१९ च्या पावसाळ्यात काविळीने गेला. चौतीस वर्षांचा होता, मूलबाळ नव्हतं. त्याची बायको धनश्री तेव्हा एकतीस वर्षांची होती. तेव्हापासून या घरात आम्ही दोघीच राहतो. ती माझी सून आहे हे कागदापुरतं. मला ताप आला की ती माझी आई होते आणि तिने डबा न खाता परत आणला की मी तिची आई होते. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी भांडलो त्या साबणावरूनच.

हे मृत्युपत्र मी एकाच कारणासाठी करते आहे. धनश्रीने माझ्यापायी, किंवा या घरापायी, आपलं उरलेलं आयुष्य अडकवून ठेवू नये. मागच्या वर्षी तिच्या भावाने श्रीगोंद्याचं एक स्थळ आणलं होतं. माणूस बरा होता. धनश्री गच्चीवर पाइप धरून उभी होती, तिने तिथूनच भावाला सांगितलं, "आईंच्या गोळ्या कोण बघणार?" मी खाली जिन्यात होते, मला ऐकू आलं. माझ्या गोळ्या मला बघता येतात. लाल सकाळी आणि पांढरी झोपताना, त्यात बघायचं काय आहे? त्या दिवशी मला घास गेला नाही. आपण कोणाच्या तरी पायातली दोरी झालोय, हे कळल्यावर माणसाला जेवण जात नाही.

कलम दोन. धंदा कसा झाला.

आमच्या नगरकडे घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुतात. गोधड्या, डबे, पडदे, देव्हारा, काही सुटत नाही. पण बाहेरच्या भिंतीवर शेवाळाचे काळे ओघळ तसेच राहतात. लोक गहिनीनाथांना म्हणायचे, "मालक, रंग पुढल्या वर्षी काढू, यंदा नुसती भिंत धुऊन द्या." असं करत करत ब्रश मागे पडला आणि पंप पुढे आला. "गहिनीनाथ गच्ची-भिंत धुलाई" ही पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली. त्यातला "धु" जरा मोठा झाला आहे. तो तसाच ठेवावा.

या धंद्यात मुख्य औषध हायपो. हायपो म्हणजे ब्लीचिंगचं पातळ पाणी. तो शेवाळ मारतो. पण नुसता हायपो उभ्या भिंतीवर टिकत नाही, सरळ खाली घसरतो, मालकाचा मोगरा जाळतो आणि शेवाळ वर जिथल्या तिथे. म्हणून त्यात साबण लागतो. साबण हायपोला भिंतीवर धरून ठेवतो आणि शेवाळाच्या आत शिरवतो. धनश्री बी.एस्सी. झालेली आहे, ती त्याला सर्फॅक्टंट म्हणते. म्हणू दे. मी साबणच म्हणते.

कोणताही साबण चालत नाही, ही सगळी मेख आहे. अगदी सुरुवातीला माझी जाऊ रंगुबाई हिने मिरजगावच्या घरामागच्या झाडाचे रिठे पिशवीभर दिले होते. पैठणी ज्याने धुतात त्याने भिंत नाही का धुणार, असा तिचा सवाल. गहिनीनाथांना पटलं. घरचा माल, पैसा लागत नाही. त्यांनी रिठे उकळले, गाळले, हायपोत घातले. फेस आला, लई आला. पण जरा वेळाने हायपोचा वासच गेला, पाणी कोऱ्या चहासारखं झालं आणि पांढऱ्या भिंतीवर तपकिरी डाग पडले. रिठ्याने हायपो खाऊन टाकला होता. ती भिंत आम्हाला पदरच्या रंगाने रंगवून द्यावी लागली. रंगुबाईला वाईट वाटेल म्हणून हे तिला आजवर सांगितलेलं नाही. आता हा कागद वाचला जाईल तेव्हा कळेल, तर तिने हसावं.

साबण हायपोला खातो की नाही हे ओळखायची रीत आम्हाला मच्छिंद्रच्या लग्नात सापडली. हळद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ तोच हळदीने माखलेला सदरा घालून एका गिऱ्हाईकाकडे धावले, बदलायला वेळ नव्हता. सदऱ्यावर हायपो उडाला. हळद आधी लालभडक झाली, मग फिकी झाली आणि बघता बघता तिथे पांढरं पडलं. दुसऱ्या पिंपात वेगळा साबण होता, त्याचे शिंतोडे उडाले तिथली हळद लाल झाली ती लालच राहिली. म्हणजे त्या पिंपातला हायपो मेलेला होता. गहिनीनाथ मांडवात परत आले ते सदरा दाखवत. नवरानवरी ओटीवर बसलेली आणि हे व्याह्यांना साबण समजावून सांगताहेत. नवी नवरी खाली मान घालून हसत होती, ते मी पाहिलं. ही मुलगी आपल्या घरात टिकणार, असं मला तेव्हाच वाटलं.

कलम तीन. माझे दीर भागवत खेतमाळीस यांच्याविषयी.

भागवतभाऊजी एका हंगामात आमच्या धंद्यात भागीदार व्हायचं म्हणून आले होते. येताना कोणा ओळखीच्याकडून ॲसिड स्लरीचा निळा ड्रम घेऊन आले. स्लरी म्हणजे साबण करायचा कच्चा काळा माल. त्यातलं ॲसिड सोड्याने मारून मग तो वापरायचा असतो. भाऊजींचं म्हणणं, "इतक्या सस्तात इतका फेस, आन् तुमी दुकानदाराच्या पोटात पैसे घालता." कोणी बघायच्या आत त्यांनी तो तसाच हायपोच्या पिंपात ओतला. पिंपातून पिवळट धूर आला. आमचा पंप चालवणाऱ्या खाजाभाईंनी त्यांना कॉलर धरून ओढत गेटबाहेर नेलं, नाहीतर आज हे कलम लिहायची वेळ आली नसती. स्वस्त म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकले. भाऊजी मात्र गावात सांगत फिरले की वहिनीने मला धंद्यातून काढलं. खाजाभाईंना त्यांनी अजून एकदाही बरं केलंत म्हटलेलं नाही.

यंदा गणपतीत हेच भाऊजी एक टाइप केलेला कागद घेऊन आले. त्यात लिहिलं होतं की हे घर धनश्रीने ती खेतमाळीस आडनाव लावते तोवर वापरावं, तिने दुसरं लग्न केलं तर ते भावकीत यावं. माझी सही तेवढी बाकी होती. मी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि कागद त्यांच्याच पिशवीत परत घातला.

तरीही भागवतभाऊजींना मी रिकाम्या हाताने धाडत नाही. मच्छिंद्र गेला तेव्हा त्यांनी सगळ्यात पुढचा खांदा दिला, अमरधामपर्यंत कोणाला बदलू दिला नाही, आणि परत आल्यावर अंगणात बसून लहान पोरासारखे रडले. माणूस वाईट नाही, अर्धवट ऐकतो आणि पूर्ण बोलतो. मिरजगावच्या जमिनीत माझ्या नावावर जो तुकडा आहे तो भागवत यांना द्यावा. रिठ्याचं झाड त्याच तुकड्यात आहे, ते तोडू नये. तो निळा ड्रम धुऊन पालथा घालून ठेवलेला आहे, तोही त्यांनी न्यावा.

कलम चार. सावेडीचे घर.

हे घर धंद्याच्या कमाईतून घेतलेलं असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते संपूर्ण, गच्चीसकट आणि बोअरसकट, मी धनश्रीला देते. तिने पुन्हा लग्न केलं तरी घर तिचं, नाही केलं तरी तिचं. तिने आडनाव बदललं तरी तिचं. विकावं वाटलं तर विकावं, कोणाला विचारू नये. मी हे घर तिला सून म्हणून देत नाही, विधवा म्हणून तर नाहीच नाही. घामाचा निम्मा वाटा तिचा आहे म्हणून देते, आणि उरलेला निम्मा मला ती आवडते म्हणून देते.

कलम पाच. धंदा, आणि साबण कसा निवडावा.

पाटी, पिंपं, पाइप, शिड्या, मोबाईलमधली गिऱ्हाईकं आणि उधारीवाल्यांचे टोमणे, सगळा धंदा धनश्रीचा. पुढचं तिला सांगायची गरज नाही, तिचं तिला माझ्यापेक्षा बरं कळतं. पण तिच्यानंतर जो कोणी पाटीखाली उभा राहील त्याच्यासाठी लिहिते.

लिटरचा भाव विचारायचा नाही. एका गच्चीला किती लागतो ते विचारायचं. महागाचा साबण एका पिंपाला वाटीभर पुरतो आणि स्वस्तातला चार तांबे ओतला तरी हायपो घसरतोच. हिशेब केला की महागाचाच स्वस्त पडतो. दाट दिसला म्हणजे साबण जास्त, असं समजायचं नाही. मीठ घातलं की पाणी मारलेला साबणसुद्धा दाट करता येतो, आणि ते मीठ लोकांचे पत्रे गंजवतं. सुवासाचा साबण घेऊ नये. आपण गच्ची धुतोय, अत्तर लावत नाही. फेस फार झाला तर धुऊन काढायला पाणी जास्त लागतं, आणि उन्हाळ्यात सावेडीत पाणी टँकरने येतं. फेस भिंतीवर टिकेल एवढाच हवा, धुतल्यावर एका पाण्यात गेला पाहिजे. काम झाल्यावर गच्चीवर बूट काढून चालून पाहावं. तळपाय घसरला तर साबण राहिला आहे, पुन्हा धुवायचं. बुटात हे कळत नाही.

नमुना तपासायचा तो आपल्याच बोअरच्या पाण्यात. आपल्याकडचं पाणी क्षाराचं, भांड्याला पांढरी पुटं चढतात. कंपनीच्या पाण्यात नाचणारे साबण आपल्या पाण्यात मान टाकतात. मग हायपोत मिसळून एक दिवस झाकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी हळदीच्या चिंधीवर थेंब टाकायचा. चिंधी पांढरी झाली तर साबण ठेवा, लाल राहिली तर परत द्या.

आणि एक. नमुना आणणाऱ्याला आपण काय तपासतोय ते आधी सांगायचं नाही. सांगितलं की तो तयारी करून येतो. मुकाट्याने पुढ्यात पाणी ठेवायचं आणि बघत बसायचं.

कलम सहा. पंप.

खाजाभाई शेख हे आमच्याकडे पंप चालवायला आले ते गहिनीनाथांच्या वेळी. घरातला माणूस कसा असतो असं कोणी विचारलं तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन. मच्छिंद्र दवाखान्यात होता तेव्हा त्यांची बायको सरवरी रोज डबा पाठवत होती, त्यात काविळीच्या माणसाला चालेल अशी बिनतेलाची भाजी वेगळी असायची. मोठा पंप मला या कागदात त्यांच्या नावे करायचा होता. पंकजाताई म्हणाल्या, खाजाभाई साक्षीदार आहेत, आणि ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद घालणाऱ्याला तेवढंच निमित्त होतं. म्हणून मी पंप त्यांना काल हातोहात देऊन टाकला. आता तो माझा नाही, म्हणून या कागदातही नाही. खाजाभाई घ्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, वहिनीचं ऐकायचं नसेल तर पाटीखाली उभं राहायचं नाही. तेव्हा घेतला.

कलम सात. दागिने व ठेव.

माझी मोहनमाळ धनश्रीला. तिने ती घालावी, कपाटात ठेवू नये. गेल्या सहा वर्षांत या मुलीने गळ्यात काळ्या दोऱ्यापलीकडे काही घातलेलं नाही. मला फार राग येतो त्याचा. पाटल्या रंगुबाईला द्याव्यात, रिठ्यांची भरपाई म्हणून. बँकेतल्या ठेवीतून माझं दवाखान्याचं आणि दिवसांचं जे होईल ते करावं, उरलेलं धनश्रीचं.

कलम आठ. कल्याण नवनाथ अनारसे यांच्याविषयी.

कल्याण यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. तरी कलम त्यांच्या नावाचं आहे, कारण मला सांगायचं आहे.

कल्याण केडगावला राहतो, साबण-हायपो पुरवायचा टेम्पो आहे त्याचा. चाळिशी ओलांडली, लग्न झालेलं नाही. आईच्या आजारपणात वय गेलं आणि मग मुली मिळेनात, अशी आमच्याकडच्या पुष्कळ पोरांची गत आहे. तीन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला तेव्हा फेस दाखवायला विकतच्या पाण्याची बाटली सोबत घेऊन आला होता. धनश्रीने काही न बोलता बोअरच्या पाण्याचा मग त्याच्यापुढे ठेवला. फेस बसला, आणि कल्याणचं तोंडही उतरलं. दुसरा कोणी असता तर पुन्हा आला नसता. हा आला. आणि आला तो रिकामा कॅन घेऊन. आमच्या बोअरचं पाणी भरून केडगावला घेऊन गेला, घरी नमुने करून बघायला. दुसऱ्याच्या घरचं खारट पाणी टेम्पोत घालून नेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मग नमुने सुरू झाले. आमचा साबण महिन्यातून एकदा संपतो, नमुना मात्र आठवड्याला येतो. धनश्री तो हळदीच्या चिंधीवर तपासते, नापास करते आणि पुढच्या वेळी दुसरा आणा म्हणते. नापास करताना तिचा चेहरा मी बघत असते. एकदा तर मी स्वतः बघितलं, चिंधी पांढरीशुभ्र झाली होती तरी तिने दुसरा आणा म्हटलं.

पण माझं मन बसलं ते वेगळ्याच गोष्टीवर. एका कंपनीचा दाट, चकचकीत साबण आला होता आणि मी तो घ्यायला निघाले होते. पाच कॅन घेतले असते तर कल्याणला चांगला फायदा होता. तो म्हणाला, "काकू, हा घेऊ नका. ह्याच्यात निम्मं पानी आन् मीठ हाय. तो पातळ दिसतो ना, तो घ्या, वाटीभर पुरंल." पातळ घेतला, त्यात त्याला फारसं काही सुटलं नसणार. आजही आम्ही तोच वापरतो. आपल्याच मालाचं खरं सांगणारा दुकानदार मी नगरात अजून दुसरा पाहिलेला नाही. त्या दिवसापासून धनश्री त्याला चहाबरोबर चिवडा द्यायला लागली.

दोघंही एकमेकांशी बोलतात ते साबणाविषयीच. मी खुर्चीत बसून ऐकते आणि मला वाटतं, अरे देवा, यांना कोणीतरी ढकला. मी ढकलावं तर धनश्री म्हणणार, आई मला घालवायला निघाल्या. गहिनीनाथ असते तर त्यांनी एव्हाना सगळ्या सावेडीला सांगितलं असतं.

कलम नऊ. माझ्या मागे.

रडावं, पण जेवून घ्यावं. दहाव्यानंतर घर धुवायची रीत आहे, ती करावी, आणि ती चांगल्या साबणाने करावी. डब्यातला उरलासुरला ओतून माझी बोळवण करू नये. आधी तुळशीला आणि मोगऱ्याला साधं पाणी घालून भिजवून घ्यावं, मग हायपो काढावा. मी मेले म्हणून ही रीत मोडायची नाही.

पेटीत तळाला गहिनीनाथांचा तो हळदीचा सदरा आहे. त्याच्या चिंध्या कोणाला करू दिलेल्या नाहीत. तो माझ्याबरोबर सरणावर ठेवावा. मच्छिंद्रचे जे कपडे आहेत ते धनश्रीने आता वाटून टाकावेत. तो चांगला मुलगा होता. तिने त्याला विसरावं असं नाही, पण त्याच्या कपाटाला रोज हात लावून कामावर जायचं आता थांबवावं. तो असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं, मी त्याची आई आहे, मला माहीत आहे.

कलम दहा. व्यवस्था व साक्षीदार.

हा कागद पंकजाताईंकडे राहील आणि त्याप्रमाणे त्या सगळं पार पाडतील. साक्षीदार म्हणून मी खाजाभाई शेख आणि कल्याण अनारसे यांना बोलावलं आहे. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

कलम अकरा. सह्या होण्याआधी आज वाढवलेला मजकूर. माझ्या हाताने.

आज सकाळी सगळे जमले. पंकजाताईंनी घराचं कलम आणि साक्षीदारांचं कलम मोठ्याने वाचलं. कल्याणविषयीचं कलम वाचू नका म्हणून मी आधीच बजावलं होतं. धनश्री स्वयंपाकघरात होती, तिला सगळं ऐकू जात होतं. घर तिला दिल्याचं आणि लग्न केलं तरी तिचंच राहील हे वाचून झालं तेव्हा आत भांड्यांचा आवाज थांबला.

खाजाभाईंनी बिस्मिल्ला म्हणून सही करायला पेन उचललं. तेव्हा पंकजाताई म्हणाल्या, थांबा, मालकीणबाईंची सही आधी, पण साक्षीदारांनी एक गोष्ट ऐकून घ्या. ज्याला मिळकत मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, आणि त्याच्या नवऱ्याने किंवा बायकोनेही होऊ नये. आज तसं नातं नसेल आणि उद्या व्हायचं असेल, तरी बाजूला राहिलेलं बरं. भागवतरावांनी उद्या वाद काढला तर पहिलं बोट साक्षीदारावर ठेवतील.

कल्याणच्याही हातात त्याचं पेन होतं. त्याने टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, मंग माझी सही घेऊ नका."

मी विचारलं, का रे बाबा? मला काही माहीत नसल्यासारखं विचारलं.

तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. धनश्री चहाचा ट्रे घेऊन तिथे उभी होती. तो म्हणाला, "मी अजून इचारलेलं न्हाई. पन इचारणार हाय. माझ्यापायी त्यांच्या घराच्या कागदाला धक्का नको."

खाजाभाई खिडकीबाहेर बघायला लागले, जसं काही बाहेर मोठी मिरवणूक चालली आहे. माझी ती न मिटणारी झडप इतक्या जोरात हलत होती की मला वाटलं, मृत्युपत्र आजच लागू होतंय. कारण आता सगळं धनश्रीवर होतं. तिने गोळ्यांचं नाव काढलं असतं तर सगळं पाण्यात होतं.

तिने ट्रे टेबलावर ठेवला. कपांतला चहा बशीत सांडला होता. तिने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आई, समोरच्या ज्योतीताई घरीच आहेत. साक्षीला त्यांना बोलावू का?"

मी म्हटलं, बोलाव.

ती स्वतःच गेली, चपला न घालता. ती गेटबाहेर जाईपर्यंत कल्याणला कळलंच नाही काय झालं ते. खाजाभाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली तेव्हा कळलं, आणि मग तो खाली बसला. जरा वेळाने मला म्हणाला की केडगावची खोली भाड्याचीच आहे, ती सोडायला काही अडचण नाही, तुम्हाला चालणार असेल तर. मी म्हटलं, चालेल की, पण बोअरचं पाणी इथलंच प्यावं लागेल.

माझी लाल गोळी आज चुकली. सगळ्यांनाच विसर पडला, आणि हे बरं झालं असं मला वाटतं.

एक गोष्ट कागदावर राहावी म्हणून लिहिते. साक्षीदाराची ही नवऱ्याबायकोची भानगड पंकजाताईंनी मला महिन्यापूर्वीच सांगितली होती. ती ऐकल्यावरच मी कल्याणचं नाव साक्षीदारांत घातलं.

हे सगळं मी वाचलं, मला समजलं, आणि मी आनंदाने सही करते.

सही: सत्यशीला गहिनीनाथ खेतमाळीस

साक्षीदार:

१. खाजाभाई इमाम शेख, राहणार मुकुंदनगर. सही केली.

२. कल्याण नवनाथ अनारसे, राहणार केडगाव. नाव खोडले. कारण कलम अकरामध्ये दिले आहे. त्यांच्या जागी सौ. ज्योती दिलीप गुंजाळ, राहणार सावेडी, समोरचे घर. सही केली.

ठिकाण: सावेडी, अहिल्यानगर

दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५